दगड झालेले साबण

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असालच. इकडे बाबांचं जेवण ठीक, झोप ठीक. झाली ख्यालीखुशाली. आता भांडते.

गेल्या महिन्यात तू दोन दिवस आलास आणि बाबांचं कपाट ‘आवरलंस’. चाळीस वर्षं सलून चालवलं त्यांनी, त्यातले उरलेले दाढीचे साबण सरळ कचऱ्यात. “दगड झालेत गं, कशाला जपतेस?” वर दाढीचं मशीन ठेवून गेलास. बाबांनी ते असं ढकललं की माझ्या हातातून उडून पडलं. आजारपणापासून तोंडातून शब्द नव्हता, पण काय नको ते त्यांना बरोबर कळतं.

तुझी गाडी वळली आणि मी कचऱ्याचा डबा उपसला. हो, हातांनी. अकरातल्या सात वड्या सापडल्या, भेगाळलेल्या, पिवळ्या पडलेल्या. ओल्या फडक्याने पुसल्या, वरचा खराब थर सुरीने खरवडला. आतून पांढराशुभ्र साबण निघाला, आणि वास तर थेट आपल्या सलूनचा! दोन वड्यांचा चुराच झाला होता, तो वाटीत दाबून बसवला, वर चमचाभर कोमट पाणी घालून मुरू दिला. तीन दिवस नुसतेच बुडबुडे. चौथ्या दिवशी ब्रशवर सायीसारखा फेस चढला. म्हणे दगड!

गालाला ब्रश लागताच बाबांनी आपणहून हनुवटी वर केली. आणि बोलले. पाच महिन्यांनी.

“पाणी जास्त झालंय.”

पत्र इथेच संपवणार होते. पण मग हा राग कुठे ठेवू?

पुढे ते म्हणाले, “थोरल्या, हात हलका ठेव.”

थोरल्या! मला! अंघोळ मी घालते, भरवते मी, चादरी मी धुते. आणि मी काय म्हणाले असेन? “हो, बाबा.” तेव्हापासून रोज सकाळी मी तू होते. ते माझ्याशी चक्क गप्पा मारतात. चूक सुधारायला तोंड उघडते आणि मिटते, कारण ते पुन्हा गप्प झाले तर?

तू आला नाहीस तरी आता त्यांना कळणार नाही, दादा. त्यांच्या लेखी तू रोज येतोस.

म्हणून या रविवारी ये. वस्तरा तू धर. मला एक दिवस तरी त्यांची मुलगी म्हणून शेजारी बसू दे.

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी