वाळवीने खाल्लेले चार ठोके

सान तादेओ, ३ सप्टेंबर १९८९

चि. निकानोर यास, ताईचे अ. आ.

बाबांना जाऊन चार महिने झाले, तेव्हा कुठे तुझं पत्र आलं. त्यातही चौकशी बाबांच्या पेटीची. मी जिवंत आहे. तू विचारलं नाहीस, तरी कळवते. पेटीतले पाद्रीबाबांच्या वेळचे स्तोत्राचे कागद तू शहरातल्या संग्रहालयात नेणार म्हणे. मग सणाला आम्ही काय बघून वाजवायचं, भिंत? पेटी कुणाकडे राहील ते सणानंतर देवळाचे पंच ठरवतील. वादकांतली बाबांची जागा मात्र तुझीच. व्हायोलिन घेऊन ये.

लोभ आहे तेवढाच राहू दे.

लिबोरिया

सांता क्रूस, २० सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

येतो, पण चूक सुधारून. स्तोत्राच्या मध्यात चार ठोके सगळे वादक मुके होतात, कारण पणजोबांनी नक्कल करताना वाळवीनं पाडलेलं भोकसुद्धा इमानानं उतरवलं. संगीतशाळेत हे सांगितलं, तर वर्ग हसून लोळला. तिथले सूर मी भरलेत. प्रत सोबत आहे. वाळवीला संगीत कळत नाही, हे तुझ्या लाडक्या पंचांना सांग. कुन्यापेचे पाव मात्र कर, चीज जास्त घालून.

राग धरणारच आहेस, तर आशीर्वादही धरून ठेव.

निकानोर

सान तादेओ, ५ ऑक्टोबर

चि. निकानोर यास अ. आ.

तुझी प्रत खुराड्याला लावली. कोंबड्यांना आता वारा लागत नाही. भोक आम्हालाही दिसतं, बरं. पण त्या चार ठोक्यांत अख्खं देऊळ वर्षभरात गेलेल्यांची नावं मनात घेतं. पाच वर्षं फिरकला नाहीस, विसरला असशील. यंदा बाबांचं नाव आहे. मुख्य पंच इलारियो एवढंच म्हणाले, "त्याला सांग, तेवढे चार ठोके हात आवर." मीही दुसरं काही मागत नाही.

तुझी ताई

सान तादेओ, २ नोव्हेंबर

निकानोर,

न सांगता गेलास. कुन्यापे कुत्र्यानं खाल्ले.

तू वाजवलंसच. सगळं देऊळ गप्प आणि तुझं एकट्याचं व्हायोलिन. बाबांचं नाव मी तीनदा मनात धरलं, तीनदा सुटलं. पंचांना ठरवायला वेळ लागला नाही. पेटी माझ्याकडेच राहिली. वर नवी नक्कल करायला सांगितलीय.

काल त्या भोकापाशी आले. चारांऐवजी आठ ठोके रिकामे सोडले: चार पुढच्या वर्षी जाणाऱ्यांचे, चार बाबांचे. शंभर वर्षांनी कुणी विचारलंच, तर लोक सांगतील की त्या साली वाळवी मोठी होती.

तुझं नाव मी सांगणार नाही.

लिबोरिया