माझा खांदा आणि त्यावर टपलेले लोक

१४ जानेवारी
काल कारखान्यात पडलो. हातात साल्मन माशांची भरलेली पेटी, खाली ओली फरशी. उजवा खांदा गेला. कारखान्याच्या नर्सबाईंनी बर्फ लावत विचारलं की आधी घरी कुठे पडला नव्हतात ना? इतक्या गोड आवाजात? पाणी मुरतंय. निश्चय: कुणाच्या कागदावर सही करायची नाही.

१५ जानेवारी
एर्मेलिंडा बार्रिया घरी आली. माझ्या शेजारी उभी राहून मासे कापते, शिवाय सुरक्षा समितीवर कामगारांची प्रतिनिधी. म्हणाली, तू पडलास ते मी पाहिलंय, अपघाताचा फॉर्म भरू, विम्यातून खांद्याचं ऑपरेशन होईल. खरं आहे, एरवी हे ऑपरेशन आपल्या बापजन्मात होणार नाही. पण सोबत बटाट्याचे गरम मिल्काओ आणले होते! फुकट कोण खाऊ घालतं हो? सही केली नाही. पुरावा म्हणून एक मिल्काओ ठेवला. नंतर तोही खाल्ला.

१९ जानेवारी
ओतिलियाने डोळे वटारले. बायकोपुढे इलाज नाही. सही केली, पण डाव्या हाताने. उद्या वेळ आलीच तर माझी नाही म्हणता येईल.

२४ जानेवारी
डॉक्टरांनी बजावलंय: काही उचलायचं नाही, ओढायचं नाही. विमावाले पाळत ठेवतात म्हणे. मीटर बघणारा दोनदा आला. एर्मेलिंडाने आठवड्यात तीनदा विचारलं, खांदा कसा आहे. तीनदा! हिला कोण पाठवतं?

१ फेब्रुवारी
शनिवारी मिंगा. शेजारचे एदेल्मिरो आपलं लाकडी घर टेकडीवरून खाली नेणार. अख्खं घर, बैल जोडून, सगळ्या गावाने ओढत. आमचं घर हलवलं तेव्हा ते दोन दिवस राबले होते. जायला तर हवंच. मी फक्त बघणार.

३ फेब्रुवारी
फक्त बघत होतो. घर चिखलात रुतलं, बैल अडले. कोणीतरी ओरडलं, एवारिस्तो बघा कसा नवरदेवासारखा उभाय! असलं ऐकून घेणाऱ्यातला मी नाही. गळ्यातली हाताची झोळी काढून दोर धरला. मुख्यतः डाव्या हाताने. घर निघालं! एदेल्मिरोंनी मिठी मारली तेव्हा मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकले.
एर्मेलिंडा मागे उभी होती. नजर माझ्यावरच. दोन्ही हात हलवून दोर सोड, सोड असं काहीतरी ओरडत होती. नाटक सगळं. कुणालातरी खुणावत असणार.

६ फेब्रुवारी
सापडली! पेपरात मिंगाचा फोटो आलाय, मागे एर्मेलिंडा स्पष्ट. तिच्याभोवती लाल गोल काढला. उद्या विम्याच्या कचेरीत चौकशी. बघतोच एकेकाला.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी
साहेब म्हणाले, तुमची साक्षीदार बाहेर बसलीय, बोलावतो. मी म्हटलं, थांबा, तुमची हेर आधी बघा. फोटो टेबलावर आपटला. साहेबांनी चष्मा लावला. गोलाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, पुढे दोर ओढतोय तो कोण?
मग एर्मेलिंडा आत आली. लाल गोल तिने पाहिला. तरी पडताना पाहिल्याची साक्ष दिली. याने दोर ओढला का, यावर खाली बघून हो म्हणाली. एकदा खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?
असो. साहेबांनी फोटो ठेवून घेतला. म्हणजे मुद्दा पटलाय.

२१ फेब्रुवारी
पत्र आलं. ऑपरेशन लागण्याइतकी इजा घर ओढताना झाली असावी. क्लेम नामंजूर. ऑपरेशन नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचं. ओतिलियाने पत्र दोनदा वाचलं आणि बटाटे सोलत बसली.

२६ फेब्रुवारी
पहिलीच पेटी हातातून सुटली. सगळे मासे फरशीवर. एर्मेलिंडाने गोळा केले. मग माझ्या वाटणीच्या पेट्याही तीच उचलायला लागली. अपील करता येतं म्हणाली, कागद घेऊन संध्याकाळी येते.
यात हिचा काय डाव असेल, यावर जेवणाच्या सुट्टीत डोकं खाजवलं. काहीच सापडलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला उठलो, तर ती माझीच पेटी उचलून निघाली होती.