खुनी मी सांगून टाकला

रविवार, संध्याकाळ. नाशिक.

आज फार वाईट वागलो. कॉलनीच्या हॉलमध्ये आमच्या जुन्या रेडिओ-नाटकाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात गुप्तहेर झाला होता मधू. म्हणून शाल मधूला, फोटो मधूसोबत. आणि खुनी जिना चढतो, ती पावलं? ती माझी. स्टुडिओत लाकडी फळीवर बूट घालून मीच चाललो होतो. पण पावलांना कोण विचारतो!

नाटक रंगात आलं होतं. सुधा, माझी बायको, डोळे मिटून मधूचा आवाज ऐकत होती. माझं बोलणं तिनं कधी असं ऐकलंय? मला राहवलं नाही. मोठ्यानं म्हणालो, "खून डॉक्टरनंच केलाय!"

"अहो, काय हे!" सुधा ओरडली. मधू मात्र हसला. "ह्याला माहीत असणारच. डॉक्टरची पावलं ह्याचीच आहेत."

म्हणजे त्याच्या लक्षात होतं. त्याचाही रागच आला.

वाटलं, खुनी कळला, आता उठतील सगळे. एक खुर्ची हलली नाही. रेकॉर्डिंगमधला मधू बोलत राहिला, सुधानं पुन्हा डोळे मिटले. आणि खरं सांगायचं तर, मीही उठलो नाही.