दोन तोंडांच्या सापासाठी पंधरा लिटर

ती. ताईस नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला कसा आहे? इथे माझी तब्येत ठीक. डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

संग्रहालयातल्या तीन बरण्यांचं स्पिरिट बदलायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं (बाई म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी). जमलं तर मी कायम होणार. मासा, बेडूक आणि दोन तोंडांचा साप. पिंपं दोन: एकात नव्वद टक्क्यांचं स्पिरिट, दुसऱ्यात चाळीसचं. माशाला हवं सत्तर. दोन्ही सारखं ओतलं की मधलं काहीतरी येणार, एवढं मला कळतं. दहा आणि दहा लिटर ओतलं. टक्के दाखवणारी काचेची नळी बुडवून पाहिली, पासष्ट. पाच टक्के कमी, म्हणून नव्वदचं पाच लिटर ओतलं. नेमके सत्तर! बेडकाला साठ हवे होते. पुन्हा दहा-दहा, पासष्ट. पाच जास्त, म्हणून चाळीसचं पाच लिटर. नेमके साठ. ताई, मला नियम सापडला होता: जितके टक्के चुकतील तितके लिटर ओतायचे. बाईंनी तो वहीत उतरवून घेतला. (लहानपणी माझी गणितं तू सोडवायचीस आणि मी तुझ्या वह्यांना कव्हरं घालायचो. मला कव्हरं अजून उत्तम येतात.)

सापाला ऐंशी हवे. त्याची बरणी पन्नास लिटरची. दहा-दहा ओतलं. पंधरा टक्के कमी, म्हणून पंधरा लिटर ओतलं. नळी शहात्तरच्या आतच थांबली. मी नळी पुसली, पुन्हा बुडवली, थोडा वेळ दुसरीकडे पाहिलं. शहात्तरच्या आतच. नव्वदचं पिंप रिकामं झालं. साप ओल्या फडक्यात ताटलीत आहे, दोन्ही तोंडं माझ्याकडे करून. पहारेकरी म्हणाला, "एका तोंडाला शहात्तर द्या, दुसऱ्याला चौऱ्याऐंशी." बाई म्हणाल्या, "सोमवारी नवं स्पिरिट मागवायचंय. किती, ते रीतीसकट लिहून द्या. साप खराब झाला तर त्या बरणीत तुम्ही बसायचं."

एकाच नियमाने दोनदा खरं बोलून तिसऱ्यांदा का फिरावं? कळव.

तुझा भाऊ

ता. क. तुझी जुनी वही काढली. बरणीत पस्तीस लिटर आहे, त्यात शुद्ध स्पिरिट साडेसव्वीस. वर नव्वदचं क्ष लिटर ओतलं, तर २६.५ + ०.९क्ष = ०.८(३५ + क्ष). क्ष आला पंधरा. पण पंधरा तर मी ओतून बसलोय! म्हणजे हेही चुकलं. नाहीतर पस्तीस आणि पंधरा मिळून बरणी नेमकी काठोकाठ पन्नास कशी भरेल? माझं काही इतकं जुळत नसतं.

ता. क. २. नियम कुणाचा, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं होतं. गणिताची शिक्षिका आहे, हेही सांगितलं. बाई येत्या रविवारी ती नियमाची वही घेऊन तुझ्याकडे येताहेत. सांभाळून घे. तुझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालून देईन.