वायर पुसायचं काम

प्रिय हर्षद,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र अक्षताच्या हातात देतेय. तुझीच बहीण ती, तुला वाचायला लावल्याशिवाय सोडणार नाही. आपलं का मोडलं वगैरे जुनं काही उकरत नाहीये, घाबरू नकोस. पण आज मला कामाची, कामावरच्या माणसांची अशी किळस आलीये ना की डबा उघडला आणि तसाच बंद केला. आणि ज्याला सांगावं तो वाकोल्यात प्लॅस्टर घालून भिंतीकडे तोंड करून पडलाय.

तुझ्या आईने, प्रेमाकाकींनी कळवलं मला. जेवणा नाय गो, बोलणा नाय, माझीच चूक म्हणता, असं सांगताना रडत होत्या. येत्या रविवारी म्हणे तू स्टंटवाल्यांच्या असोसिएशनसमोर जाणार, हात जोडून सांगणार की हार्नेसचा हुक लावायला मी विसरलो. प्रोडक्शनवाले तेच सांगतायत सगळ्यांना. तुझ्या डोक्याला मार लागला, तुला त्या दिवसाचं काही आठवत नाही, आणि चार जणांनी चारदा सांगितलं तर तू ते खरं धरून बसलास. तुझं असोसिएशनचं कार्ड जाईल रे! कार्ड गेलं की कुठल्या सेटवर तुला उभं करणार आहेत?

आता माझं ऐक. सोमवारी सुबोधने, म्हणजे आमच्या सुपरवायझरने, मला एक शॉट दिला. कारखान्याच्या छपरावरून हिरो खाली कोसळतो. उघडला आणि मला पाठीवरून कळलं की हा तू. इतकी वर्षं तू लटकतोयस आणि मी तुझ्या वायरी पुसतेय, म्हणून तर आपली ओळख झाली. लोकांना हिरो हवेत दिसतो कारण अंधेरीत बसून कोणीतरी ती वायर एकेका फ्रेममधून काढलेली असते. पण हा शॉट नेहमीचा नव्हता. हा तू खरोखर पडलास तोच टेक होता.

तोच ठेवलाय त्यांनी! रिव्ह्यूला प्रोडक्शनची दोन माणसं आली होती. कोल्ड कॉफी हातात, मोठ्या पडद्यावर तू पडतोयस, आणि हे म्हणतायत काय पडलाय यार, झकास, असं मुद्दाम करायला गेलं तर जमलंच नसतं. शी! मागे घेऊन परत लावायला सांगितलं. मी मागच्या खुर्चीत होते. आणि मला वहीत लिहून घ्यायचं होतं की धूळ अजून थोडी वाढवा.

मग तुझ्या चेहऱ्यावर हिरोचा चेहरा बसवायचा. तो एसीत, हिरव्या पडद्यासमोर बसून शूट केलेला, कानाभोवती हिरवी झाक आणि ओठावर अर्धवट हसू. ती झाक मी काढली, केसांची कडा साफ केली, पण चेहरा काही बसेना. तुझा जबडा वेदनेने वाकडा झालाय आणि त्याचा सरळच. सुबोध म्हणाला ब्लर मार, कोण बघतंय. मी बघतेय की! मला तो जबडा ओळखीचा आहे.

चेहरा बाजूला ठेवला आणि वायर घेतली. तुला माहितीये, वरच्या टोकाला एक पॉइंट लावायचा आणि तुझ्या कमरेशी एक. सॉफ्टवेअर दोन्हींच्या मागे जातं, मधली रेघ पुढच्या-मागच्या फ्रेममधलं आकाश घेऊन भरतं. कमरेचा पॉइंट घट्ट बसला. वरचा मात्र अर्ध्या शॉटनंतर सुटायचा आणि भलतीकडे भरकटायचा. मी शोधायची चौकट मोठी केली, कॉन्ट्रास्ट वाढवला, चित्रातला दाणेदारपणा कमी केला, मशीन बंद करून चालू केलं. सुबोध म्हणाला मशीनची कॅश मेमरी साफ कर. तीही केली, सॉफ्टवेअरला शिव्याही घातल्या. शेवटी झक मारत सगळं बंद केलं, मूळ फुटेज जवळ ओढलं आणि एकेक फ्रेम हाताने पुढे नेली.

सॉफ्टवेअरचं काही चुकत नव्हतं, हर्षद. त्या फ्रेमनंतर वायर एक राहिलीच नव्हती. वर एक टोक उडतंय आणि खाली एक, तुझ्या कमरेला, हुकात नीट अडकलेलं. वायर तुटली. जुनी, घासलेली, उसवलेल्या तारा दिसतायत तिच्या. मी सुबोधला बोलावलं. त्याने वाकून बघितलं आणि काय म्हणाला माहितीये? मग दोन तुकडे समजून दोनदा पुस, एक दिवस जास्त घे. बस! त्याला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. घरी मुलाला पोहायला नेणारा माणूस आहे हा. थुंकावंसं वाटलं. मी सांगितलं, मी पुसणार नाही, आणि बॅग उचलून निघाले. उद्या दुसरं कोणी पुसेल.

माझ्याकडे पुरावा नाही. आमचे फोन दारातच लॉकरमध्ये ठेवून घेतात, पेनड्राइव्ह चालत नाही. पण टेक नंबर मला पाठ आहे, आणि मूळ फुटेज असोसिएशनने मागितलं की त्यांना दाखवावं लागेल. नाही दाखवलं, तर का दाखवत नाहीत ते तरी सगळ्यांना दिसेल. म्हणून लिहितेय. रविवारी माफी मागू नकोस. मी येतेय, माझं नाव सांगून, काय बघितलं ते सगळ्यांसमोर बोलणार आहे. पुढे अंधेरीत मला कोणी काम देणार नाही, तर नको देऊ देत. आणि एक ऐक, शॉटच्या सुरुवातीला, उडी मारायच्या आधी, तू कमरेला हात नेतोस आणि हुक दोनदा ओढून बघतोस. बाईकवर बसताना माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढायचास ना, अगदी तसा. मी चिडायचे त्याच्यावर. तू विसरला नव्हतास, हर्षद. आता उठ आणि काकींच्या हातचे चार घास जेव.

तेव्हाही तुझीच, आत्ताही,
श्रुतिका