अकरा चष्मे आणि गोल बाजारातलं दुकान

मी, कुसुम अच्युत देशकर, वय ६९, राहणार तात्यापारा, रायपूर, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात, शांत डोक्याने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. बी.पी.ची गोळी सोडली तर प्रकृती ठणठणीत आहे.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते, तसेच गोल बाजारातल्या चष्म्याच्या दुकानातला माझा हिस्सा, माझ्या पश्चात सून गंधाली हिला मिळावा.

दुकान माझ्या मुलाचं, नीलचं. पाच वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. मी दुकानाला कुलूप लावलं, जेवण जवळजवळ सोडलं. आठ महिन्यांनी गंधालीने मला शंकर नगरात मानसोपचार करणाऱ्या ऋताताईंकडे नेलं. मी विचारलं, "आता मी जगू काहून?"

त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगू शकत, मावशी. पण नीलचं काही अर्धवट राहिलंय का, जे तुम्हीच पुरं करू शकता?"

मला रागच आला. तरी दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. खणात नावाच्या चिठ्ठ्या लावलेले अकरा तयार चष्मे होते.

पहिला घेऊन भनपुरीला गेले. ट्रक दुरुस्त करणाऱ्या तुळशीरामने तो लावला, हातातला बोल्ट फिरवून पाहिला. "दिखत हे, दाई!" (दिसतंय, आई!) म्हणून हसला, आणि नीलचं ऐकून रडला. मीही रडले, नील गेल्यापासून पहिल्यांदाच. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. अकरावा चष्मा पोचता करेपर्यंत मी काचा घासायला शिकू लागले होते.

२. काचा घासायचं मशीन आणि हत्यारं दुकानात काम करणाऱ्या सोनियाला द्यावीत. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

३. दीर शेखर यांनी नीलच्या तेराव्यालाच "सुनेचा पायगुण" असं म्हटलं होतं. त्यांना मिळकतीतलं काही नाही. राग मात्र सोडला आहे; सोडल्याचं लिहून दिलं म्हणजे मलाही तो परत घेता येणार नाही.

४. गंधालीचं पुढच्या महिन्यात इंद्रजीतशी लग्न आहे. या लग्नाने तिचा हक्क कमी होत नाही. कोणी "ती आता आपली कुठे?" म्हटलं, तर हे कलम मोठ्याने वाचावं. ती म्हणाली, "आई, तुमाले सोडून मी कशी जाऊ?" मी म्हटलं, "जा वं पोरी. दुकान दहाले उघडते, वेळेवर ये म्हणजे झालं."

मृत्युपत्र लिहून ठेवलं, पण ते उघडायची वेळ यायला मला घाई नाही. लग्नात तिची आई म्हणून मी उभी राहणार आहे. साडी घेऊन ठेवली आहे.

सही: कुसुम अच्युत देशकर

कुसुमताईंनी हे आम्हांला वाचून दाखवलं आणि आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: भार्गव मोघे, अनुश्री पांडे (सह्या)

रायपूर, ११ जानेवारी २०२५