मिलूदचा डावा पाय

मी, कद्दूर बेनहलीमा, वय एकाहत्तर, बंदरावरचा निवृत्त क्रेनचालक, राहणार सिदी एल हुआरी, ओरान, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्यानं समोर येऊन बोलावं, हात अजून चालतो.

घर शरीयतप्रमाणे मुलगा तय्यब आणि मुलगी खैरा यांचं; त्यात मला बोलता येत नाही. मृत्युपत्रानं देण्याचा माझा हक्क फक्त एक तृतीयांशावर. त्यातून वस्तीच्या मैदानाला कुंपण घालावं. आमच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक उस्ताद बूझियान मेला, तरी त्याचं नाव त्या कुंपणावर कोणी लिहिलं तर ते उखडून लिहिणाऱ्याच्या डोक्यात घालावं.

माझे फुटबॉलचे बूट. तळाचे धातूचे खुंट मी सामन्याआधी कानशीनं घासून धारदार करायचो. त्यांनी चार नडग्या फोडल्या. ते तय्यबला न देता वितळवावेत.

जिलालीच्या कॅफेत चाळीस वर्षं एकच भांडण: फुटबॉल कोणी बदलला? कोणी पेले म्हणतं, कोणी क्रायफ, कोणी माराडोना. त्यावरून मी एका मासळीवाल्याचे दोन दात पाडलेत. माझं मत इथं नोंदवतो: मिलूद झियानी, आमच्याविरुद्ध खेळणारा गोदी-कामगार संघ. आघाडीचा खेळाडू असून तो गोलसमोर उभाच राहायचा नाही, मागे मध्यावर जायचा. मी बचावात, मारू कुणाला? मागोमाग गेलो तर माझ्या जागी भगदाड, थांबलो तर तो मोकळा. हंगेरीवाल्यांनी हे आधीच केलं होतं म्हणतात. मिलूदनं हंगेरी नकाशातही पाहिली नव्हती. १९८० सालच्या एका शुक्रवारी मध्यंतरापर्यंत त्याचे तीन गोल झाले. उस्तादनं माझ्या थोबाडीत मारली. म्हणाला, "तो तुझं गाढव करतोय. चेंडूचं राहू दे, पाय घे."

घेतला. चेंडू केव्हाच पुढे गेला होता. मी दोन्ही पायांनी उडी घातली. त्याच्या डाव्या पायाचं हाड मोजा फाडून बाहेर आलं, मातीवर रक्ताचं थारोळं झालं, आणि मला आनंद झाला. लोकांनी मला लोखंडी नळीनं झोडलं, तीन बरगड्या मोडल्या. कमीच झालं.

इस्पितळात मिलूदनं विचारलं, "चुकून झालं ना रे?"

"चुकूनच. मी चेंडूवरच होतो."

"मग माफ केलं, जा. रडू नकोस, बैला."

तो पुन्हा खेळला नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी लंगडत येतो, माझ्याशी डॉमिनो खेळतो. तीस वर्षांनी स्पेनवाले टीव्हीवर त्याचाच डाव खेळले तेव्हा कॅफे उभं राहून टाळ्या पिटत होतं. मिलूदनं फक्त माझा चहा पुढे सरकवला.

ती माफी मी खोटं बोलून मिळवली. आज परत करतो. दफनाआधी इमाम विचारतील, मयताला माफ करता का. मिलूद "नाही" म्हणाला तर कोणी त्याला गप्प करायचं नाही. तय्यब, हे तुला सांगतोय. मिलूदच्या नावे काही ठेवलेलं नाही, कारण तो साक्षीदार आहे. साक्षीदारानं माझ्यासमोर सगळं वाचून मगच सही करावी.

ओरान, शुक्रवार, १० मार्च २०२३.

सही: कद्दूर बेनहलीमा

साक्षीदार: जिलाली मेक्की, कॅफेमालक.

साक्षीदार: मिलूद झियानी. वाचलं. चेंडू कुठे होता ते मलाही दिसलं होतं. मी चूक माफ केली होती. पाय तोडल्याची माफी तू कधी मागितलीच नाहीस. आजही मागितली नाहीस, नुसती परत केलीस. माग. मी समोरच बसलोय.